पेट्रोल कुठे मुरत होतं?



आज आम्ही तुमच्याशी गाडीबद्दल बोलणार आहोत. गाडी म्हटलं की बैठकीत लगेच कुणीतरी म्हणतं, "ते पुरुषांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतंय?" आम्हीही तसंच म्हणत होतो. पण गाडीचा हप्ता आपल्या गटांच्या पैशातून जात असेल, तर तिच्या टाकीत जाणारं पेट्रोलही आपलंच असतं. ते कुठे जातं हे आपल्यालाच कळायला हवं. ते कळलं नाही म्हणून आमच्याकडून एक चूक झाली. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

आम्ही वाई तालुक्यातल्या. आमच्या ग्रामसंघाने दोन वर्षांपूर्वी एक वापरलेली, सात माणसांची एर्टिगा घेतली. पेट्रोलवरची, पिवळ्या पाटीची. पेशंटला साताऱ्याला न्यायचं, बाजाराच्या दिवशी बायकांना वाईला सोडायचं, पाचगणीच्या हॉटेलांत आपले पापड-लोणची पोचवायची आणि मधल्या दिवसांत पर्यटकांचं भाडं मारायचं, असा विचार होता. गाडीच्या मागे 'स्मार्ट हायब्रिड' अशी अक्षरं होती. गाडी दाखवणारा माणूस म्हणाला, "ताई, निम्मी बॅटरीवर चालते. पेट्रोल नावाला लागतं." आम्ही माना डोलावल्या. 'म्हणजे नेमकं काय?' असं एकीनेही विचारलं नाही.

चालक म्हणून आमच्याच एका सदस्य मावशींचा मुलगा ठेवला. पोरगा कष्टाळू आणि बोलायला नम्र. पण सहा महिन्यांनी हिशेबाला बसलो तर गाडीचं उत्पन्न आणि हप्ता यांचा मेळ लागेना. गाडी महिन्याला साधारण २,४०० किलोमीटर फिरत होती आणि पेट्रोलला १९ हजारांच्या वर जात होते. २०१८ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा कंपनीने लिटरला १९.३४ किलोमीटर असा आकडा दिला होता. आमची गाडी जेमतेम १३ देत होती.

मग कुजबुज सुरू झाली. "पाणी कुठेतरी मुरतंय." "पोरगा रात्री पेट्रोल काढून विकतो की काय?" हे बोलणं झालं तेव्हा त्याची आई बैठकीतच होती. ती एक शब्द बोलली नाही. चहा न घेता उठली आणि पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही. तिची बचतही शेजारणीच्या हाती आली.

आधी मोजायचं

गटांचं काम बघताना आम्ही सगळ्यांना सांगतो की कॅशबुक लिहिल्याशिवाय कुणावर बोट दाखवू नका. मग गाडीला वेगळा न्याय का? म्हणून आम्ही मोजायचं ठरवलं. ही रीत तुम्हीही लिहून घ्या. गाडी कोणतीही असो, टेम्पो असो की स्कूटी, रीत एकच.

पंपावर टाकी फुल करायची. नोझल आपोआप 'टक' करून बंद झालं की तिथेच थांबायचं, वर थेंब-थेंब भरायचं नाही. त्या वेळी मीटरवर किती किलोमीटर दिसतात ते वहीत लिहायचं. नंतर गाडी नेहमीसारखी चालवायची. पुन्हा पेट्रोल भरायची वेळ आली की त्याच पंपावर, तशीच टाकी फुल करायची. आता किती लिटर बसलं आणि मधल्या काळात गाडी किती किलोमीटर चालली, ते बघायचं. किलोमीटरला लिटरने भागलं की झालं अ‍ॅव्हरेज. आमची गाडी ४१६ किलोमीटर चालली आणि ३२ लिटर बसलं. ४१६ भागिले ३२ म्हणजे १३.

एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, निदान तीन टाक्या मोजायच्या. त्या तिन्ही वेळा आम्ही स्वतः पंपावर उभ्या होतो. रात्री गाडी आमच्या अध्यक्ष ताईंच्या अंगणात आणि किल्ली त्यांच्या फडताळात. तिन्ही टाक्यांना आकडा १३ च्याच आसपास आला. चोरी असती तर आमची नजर असताना आकडा वाढायला हवा होता. तो वाढला नाही. म्हणजे पेट्रोल चोरीला जात नव्हतं, ते गाडीतच जळत होतं. मग प्रश्न राहिला, की ते कशासाठी जळत होतं?

काकांची एक फेरी

आमच्या गावातले एक काका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेत. आम्ही त्यांना विनंती केली. ते पुढच्या सीटवर बसले, आम्ही दोघी मागे वही घेऊन. पोराला सांगितलं, "तू रोज चालवतोस तशीच चालव." वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला गेलो, तसेच खाली आलो आणि मग सुरूर फाट्यापर्यंत जाऊन परत. काका वाटेत काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र त्यांनी एकेक गोष्ट सांगितली.

पहिली गोष्ट, सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर पोरगा एक बटण दाबायचा. ते होतं थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारी सोय रद्द करण्याचं बटण. का दाबतोस विचारलं तर म्हणाला, "वाईच्या गर्दीत एकदा इंजिन आपोआप बंद झालं. मागचे हॉर्न वाजवायला लागले. गाडीतला माणूस म्हणाला, बंद पडली वाटतं गाडी. मला लाजल्यासारखं झालं."

दुसरी, पाचगणीत प्रवाशांची वाट बघताना वीस मिनिटं इंजिन आणि एसी दोन्ही चालू. तिसरी, मोकळा रस्ता दिसला की जोरात रेस आणि पुढे गाडी दिसली की जोरात ब्रेक. चौथी, घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये. पाचवी, दोन टायरांत हवा कमी आणि टपावर रिकामं कॅरिअर.

पोरगा खाली मान घालून ऐकत होता. काका त्याला म्हणाले, "तुझा दोष नाही. तुला कुणी सांगितलंच नव्हतं." खरंच होतं ते. न्यूट्रलमध्ये उतरलं की पेट्रोल वाचतं, असं त्याला गाडी शिकवणाऱ्यानेच सांगितलं होतं.

हायब्रिड म्हणजे काय?

हायब्रिड म्हणजे दोन शक्तींवर चालणारी गाडी, एक इंजिन आणि दुसरी विजेची मोटर. पण त्यात दोन प्रकार आहेत, आणि तिथेच आमची समजूत चुकली.

आमच्या गाडीसारखा पहिला प्रकार म्हणजे सौम्य हायब्रिड. यातली मोटर लहान असते. ती एकटी गाडी ओढू शकत नाही. तिची कामं तीन. गाडी थांबली की इंजिन बंद करून, निघताना ते झटकन सुरू करणं. गाडी वेग धरताना इंजिनाला थोडा हात देणं. आणि गाडीचा वेग कमी होताना वीज तयार करून बॅटरीत साठवणं.

हे तिसरं काम समजायला सोपं आहे. पूर्वी सायकलला डायनॅमो असायचा, आठवतो ना? तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा, पण सायकल जड व्हायची. म्हणजे चाकाची गती खाऊन तो वीज द्यायचा. इथेही तसंच. आपण रेसवरचा पाय काढतो तेव्हा गाडीला हळू व्हायचंच असतं. मग तो डायनॅमो तेव्हाच टेकवला तर वीज जवळजवळ फुकटची. तीच वीज पुढे इंजिनाला हात द्यायला लागते.

आता बघा, आमच्या पोराने बटण दाबून पहिलं काम बंद पाडलं होतं. रेस आणि ब्रेक करून, न्यूट्रल टाकून तिसरं काम जवळजवळ बंद पाडलं होतं. साठलेली वीजच कमी, मग दुसरं काम कुठून होणार? हायब्रिड ही अक्षरं फक्त गाडीच्या मागे उरली होती.

मग आम्ही काय बदललं?

ते बटण दाबायचं नाही. गाडी पूर्ण थांबली, गिअर न्यूट्रलला आला आणि क्लचवरून पाय उचलला की इंजिन बंद होतं. क्लच दाबला की लगेच सुरू होतं. गाडी बंद पडलेली नसते, ती पेट्रोल वाचवत असते. पुढची गाडी दोन-चार सेकंदांत हलणार असेल तर क्लच दाबून ठेवायचा, म्हणजे इंजिन बंद-चालू होत राहत नाही. आणखी एक, चालकाचा सीटबेल्ट लावलेला नसेल तर ही सोय काम करत नाही. म्हणजे बेल्ट जीव तर वाचवतोच, इथे पेट्रोलही वाचवतो. उन्हाळ्यात एसी चालू असला की इंजिन मधेच आपोआप पुन्हा सुरू होतं. तो बिघाड नव्हे, आत गारवा राहावा म्हणून ते सुरू होतं.

प्रवाशांची वाट बघायची असेल तर मात्र त्या सोयीवर गाडी सोडायची नाही. सरळ किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं आणि किल्ली काढून घ्यायची. रिकामी गाडी नुसती घुरघुरत ठेवणं म्हणजे भांडं उतरवल्यावर शेगडी पेटती ठेवण्यासारखं आहे. सकाळी इंजिन तापवत दहा मिनिटं उभं राहायचीही गरज नाही. सुरू करायची आणि पहिले दोन-तीन किलोमीटर सावकाश चालवायची.

नजर लांब ठेवायची. काकांचं म्हणणं असं, की ब्रेक दाबला म्हणजे जाळलेलं पेट्रोल रस्त्यावर ओतलं. ब्रेक तर लागणारच, जीव आधी. पण पुढे गतिरोधक दिसतोय, गुरं आडवी येतायत, सिग्नल लाल आहे, तर शेवटपर्यंत रेस कशाला द्यायची? आधीच पाय काढायचा, गाडी गिअरमध्येच हळू होऊ द्यायची. डायनॅमो तेव्हाच काम करतो. आणि गाडी पूर्ण थांबायच्या आत रस्ता मोकळा झाला तर पहिल्या गिअरपासून ओढायची गरजच पडत नाही.

वेग एकसारखा ठेवायचा. पिवळ्या पाटीच्या गाडीला ८० च्या वर जाऊ न देणारं यंत्र असतं. म्हणून आमचा पोरगा हायवेला कायम ८० वर टेकलेला. पण वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा फार झपाट्याने वाढतो. ६० च्या जागी ८० ने गेलं तर तो पावणेदोनपट होतो. सरकारच्या पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेचा सल्ला तर ताशी ४५ ते ५५ चा आहे. हायवेला इतकं हळू जाणं नेहमी जमत नाही, मागच्या वाहनांचाही विचार करावा लागतो. आम्ही डाव्या लेनमधून ६० ते ६५ ठरवलं. सुरूर फाटा ते सातारा या अंतराला त्याने थोडीच मिनिटं जास्त लागतात.

गिअर वेळेवर बदलायचा. खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडत ठेवायचं नाही आणि वरच्या गिअरमध्ये ते धापा टाकेल असंही करायचं नाही. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची नाही, त्याने क्लच प्लेट झिजते आणि तो खर्च वेगळाच.

टायरची हवा महिन्यातून निदान एकदा, टायर गार असताना तपासायची. किती हवी ते चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. हवा कमी असलेली सायकल दामटून बघा, पाय भरून येतात. गाडीचंही तसंच. आणि टपावरचं रिकामं कॅरिअर आम्ही काढून ठेवलं. माल असेल तेव्हाच लावतो. ते नुसतं असलं तरी वारा अडवतं.

घाटाची गोष्ट वेगळी सांगायला हवी

वाईपासून पाचगणीपर्यंत गाडी पाचशे मीटरहून जास्त उंची चढते. चढताना पेट्रोल लागणारच, त्याला इलाज नाही. घाई न करता, योग्य गिअरमध्ये, एका लयीत चढायचं एवढंच आपल्या हातात. मिळवायचं ते उतरताना.

आजच्या पेट्रोल गाड्यांमध्ये एक सोय असते. गाडी गिअरमध्ये आहे, वेगात आहे आणि रेसवरचा पाय पूर्ण काढला, तर इंजिनात जाणारं पेट्रोल बंद होतं. उतारावर चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केलं तर चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल द्यावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये उतरताना पेट्रोल वाचत नाही, उलट जास्त जातं.

आणि हे नुसतं पेट्रोलचं नाही. गिअरमध्ये असताना इंजिनच गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि फार तापले की लागत नाहीत. काही जण तर उतारावर किल्लीच बंद करतात. तसं केलं तर थोड्याच वेळात ब्रेक दगडासारखा कडक होतो, स्टेअरिंग जड होतं. सात माणसं घेऊन असलं धाडस कधीही करू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

दुसरा हायब्रिड घ्यायचा असेल तर

आमच्यासारखी फसगत होऊ नये म्हणून दुसऱ्या प्रकाराबद्दलही सांगतो. त्याला स्ट्राँग हायब्रिड म्हणतात. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली, ती या प्रकारची. आपल्याकडे २०२२ मध्ये होंडा सिटी, टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा अशा गाड्या या प्रकारात आल्या. यात बॅटरी आणि मोटर मोठी असते. गाडी कमी वेगात काही अंतर नुसत्या बॅटरीवर चालते. घरी प्लग लावून चार्ज करायची नसते, ती स्वतःच चार्ज होते. अशी गाडी हायवेपेक्षा गावातल्या गर्दीत जास्त अ‍ॅव्हरेज देते, कारण थांबत-थांबत जाताना तिची बॅटरी सारखी भरते आणि सारखी कामाला येते.

ती चालवायची रीत थोडी वेगळी. निघताना पाय हलका ठेवायचा, म्हणजे इंजिन सुरू न होता मोटरवर गाडी निघते. ब्रेक आधीपासून आणि हळू दाबायचा. हळू दाबलं तर गाडीची गती विजेत जाते, एकदम दाबलं तर बरीचशी उष्णतेत वाया जाते. आणि गर्दीत उभं राहताना न्यूट्रल टाकून बसायचं नाही, त्यात बॅटरी भरत नाही.

गाडी विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, "ही गाडी इंजिन बंद ठेवून, नुसत्या बॅटरीवर चालते का? आत्ता चालवून दाखवा." उत्तर तिथल्या तिथे मिळतं. आणि पैसे जास्त देताना आपण किती किलोमीटर फिरतो, किती पेट्रोल वाचेल, याचा हिशेब वहीत मांडूनच निर्णय घ्या.

हिशेब काय सांगतो?

पहिल्या महिन्यात आमचं अ‍ॅव्हरेज साडेचौदावर आलं. तिसऱ्या महिन्यापासून ते १६ वर टिकलं. १९ झालं नाही. कंपनीचा आकडा चाचणीतला असतो. आमच्याकडे घाट आहे, सात माणसं आहेत, एसी आहे. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्याच उसापासूनही बनतं, पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं.

तरी १३ चे १६ म्हणजे किती, ते बघा. २,४०० किलोमीटरला १३ च्या हिशेबाने सुमारे १८५ लिटर लागत होतं, आता १५० लागतं. महिन्याला ३५ लिटर वाचलं. लिटरला १०५ रुपये धरले तर ३,६७५ रुपये. वर्षाचे ४४ हजारांच्या वर. नवीन काही विकत घेतलं नाही. फक्त पाय बदलला आणि वही ठेवली.

आता राहिली ती मावशी. आम्ही दोघी तिच्या घरी गेलो. "आमचं चुकलं" म्हणालो. ती म्हणाली, "घरात बोललात, तसं बैठकीत बोला." बरोबर होतं तिचं. संशय चारचौघींत घेतला होता, तर माफीही चारचौघींतच मागायला हवी होती. पुढच्या बैठकीत अध्यक्ष ताईंनी सगळ्यांसमोर माफी मागितली आणि तसं बैठकीच्या रजिस्टरमध्ये लिहिलं. त्याच पानावर दुसरा ठराव आहे. अ‍ॅव्हरेज १६ किंवा वर राहिलं तर महिन्याला ५०० रुपये चालकाला जास्तीचे द्यायचे. आणि तिसरा ठराव, की पैशाबद्दल शंका आली तर आधी मोजायचं, मग बोलायचं.

मावशी आता बैठकीला येतात. गाडीची वही त्यांच्याकडेच आहे. दर टाकीला किलोमीटर आणि लिटर त्याच लिहितात.

तुमच्या गटाकडे गाडी असेल तर येत्या आठवड्यात टाकी फुल करा आणि मीटरचा आकडा लिहून ठेवा. भागाकार जमला नाही तर घरातल्या शाळकरी पोरीला विचारा. पुढच्या भागात गाडीच्या विम्याची कागदपत्रं कशी वाचायची, ते बोलू. तोवर नमस्कार.